क्यूएसएल कार्डाची तयारी, रेडिओ सुरू करण्याच्या आधीपासून

शनिवारी रात्री हॅम रेडिओवर, म्हणजे दूरच्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलायला, बसायचे असेल, तर त्याची तयारी सकाळीच उरकलेली बरी, आणि संपर्कानंतर तो झाल्याची लेखी पुष्टी म्हणून पाठवायच्या क्यूएसएल कार्डांची तयारी तर त्याच्याही आधी झालेली हवी. कार्डावर जे लिहायचे असते ते सगळे संपर्क चालू असतानाच्या अर्ध्या मिनिटात टिपलेले असते. तिथे चुकलेला आकडा पुढे कितीही देखणी छपाई केली तरी दुरुस्त होत नाही. दादरच्या एका जुन्या इमारतीत राहून ही हौस करताना जी यादी भिंतीवर चिकटवत गेलो, तीच नव्याने परवाना मिळालेल्यांसाठी इथे सलग लिहून काढली आहे.

पहिली बाब कागदांची, आणि ती लवकर संपते. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेने दिलेला परवाना हाताशी असावा, त्याची मुदत पाहून घ्यावी, आणि त्यावरचा पत्ता आपण सध्या राहतो तोच आहे ना, हेही पाहावे. मुंबईत हा शेवटचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही, कारण इमारत पुनर्विकासाला गेली की माणूस दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात राहतो आणि परवान्यावर मात्र पाडलेल्या इमारतीचा पत्ता तसाच राहतो. पत्ता बदलल्यास परवान्यावर रीतसर नोंद करून घ्यावी आणि ती होईपर्यंत कार्डे छापायला टाकू नयेत.

अँटेनासाठी सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. सेक्रेटरींनी जिन्यात मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली, असे समजू नये. अर्ध-तरंग डायपोलची, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या तारेच्या साध्या अँटेनाची, मीटरमधील लांबी काढण्यासाठी १४३ या आकड्याला मेगाहर्ट्‌झमधील फ्रीक्वेन्सीने भागावे. १४.२ मेगाहर्ट्‌झसाठी ती साधारण १० मीटर येते आणि गच्चीत मावते, ७.१ साठी मात्र २० मीटर लागतात, तेव्हा मध्यभाग काठीवर उंच बांधून दोन्ही टोके कठड्यांकडे उतरती आणावी लागतात. कोॲक्स केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात. मात्र समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो, म्हणून प्रत्येक जोडावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. मे महिन्याच्या अखेरीस विजा चमकू लागल्या की वापर नसताना केबल रेडिओपासून काढून ठेवण्याची सवय लावावी. शंभर वॉटच्या रेडिओला १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर लागतात. वीजपुरवठ्याचा संच तेवढा भार पेलणारा आहे ना, हे संपर्काच्या ऐन भरात कळण्यापेक्षा आधी कळावे. आदल्या रात्री घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करत रेडिओवरच्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरकडे पाहावे. आमच्याकडे सर्वांत जास्त खरखर देवघरातली दिव्यांची माळ करत होती.

आता घड्याळ, आणि इथे थोडे थांबावे लागेल. रेडिओच्या टेबलावर एक वेगळे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेला, म्हणजे यूटीसीला, लावून ठेवावे आणि लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, फक्त तीच वेळ लिहावी. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यामुळे तारीखही बदलते हे रात्री दोन वाजता आठवत नाही. रविवारी पहाटे २ वाजून १० मिनिटांनी झालेला संपर्क यूटीसीप्रमाणे शनिवारी २० वाजून ४० मिनिटांचा असतो. सुरुवातीच्या दिवसांत मी वेळ बरोबर वजा केली, पण तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरची लिहिली, आणि एका रात्रीच्या पाच संपर्कांची कार्डे तशीच रवाना केली. त्यातले इटलीला गेलेले कार्ड दोन वर्षांहून अधिक काळाने परत आले, तेव्हा त्यावर लाल शाईत ‘लॉगमध्ये नाही’ असे लिहिलेले होते. समोरच्याची काही चूक नव्हती. मी लिहिलेल्या दिवशी तो माझ्याशी बोललाच नव्हता. तेव्हापासून बसण्याआधी लॉगच्या पानावर यूटीसीची तारीख ठळक लिहून ठेवतो आणि आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले की नवी ओळ आखून पुढची तारीख घालतो. संगणकावरून एफटी-८ (छोटे संदेश आपोआप पाठवणारा डिजिटल प्रकार) करणाऱ्यांनी तर घड्याळ इंटरनेटशी जुळवल्याखेरीज सुरूच करू नये, कारण तिथे प्रत्येक फेरी १५ सेकंदांची असते आणि एखाद-दोन सेकंदांचा फरकही संपर्क बिघडवू शकतो.

लॉगच्या प्रत्येक नोंदीत समोरच्याची कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली ओळखीची अक्षरे-अंक), तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, प्रसारणाचा प्रकार (बोलणे, मोर्स वगैरे), आणि दिलेला व मिळालेला सिग्नल रिपोर्ट एवढे असायलाच हवे. रिपोर्टातला पहिला आकडा १ ते ५ मध्ये बोलणे किती स्पष्ट कळते ते सांगतो, दुसरा १ ते ९ मध्ये सिग्नलचा जोर सांगतो, आणि मोर्समध्ये स्वराचा तिसरा आकडा जोडला जातो. हल्ली ५९ हा रिपोर्ट न राहता आशीर्वाद झाला आहे, हे खरे. तरीही ज्याचे नाव तीनदा विचारावे लागले त्याला ५९ देणे मला पटत नाही. कॉलसाइन ऐकल्याबरोबर समोरच्याला परत वाचून दाखवून खात्री करून घ्यावी, कारण ‘बी’, ‘डी’ आणि ‘व्ही’ यांची खरखरीत सरमिसळ होते.

ग्रिड लोकेटर, म्हणजे आपले स्टेशन जगाच्या नकाशावरच्या कोणत्या चौकोनात आहे ते सांगणारा संकेत, छापण्याआधी नकाशावर नीट पाहून घ्यावा. १९ अंश उत्तर अक्षवृत्त मुंबईच्या मधूनच जाते, त्यामुळे गिरगाव किंवा कुलाब्याचे स्टेशन एमके६८ या चौकोनात पडते, तर दादरपासून वरची उपनगरे एमके६९ मध्ये. परळच्या आसपास राहणाऱ्यांनी तर आपली इमारत रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच ठरवावे. मित्राच्या कार्डावरून उतरवून घेऊ नये. हॅम रेडिओसाठी जगाचे जे विभाग पाडले आहेत त्यांतले भारतासाठीचे सीक्यू झोन २२ आणि आयटीयू झोन ४१ हेही कार्डावर असू द्यावेत.

कार्डाचा आकार १४ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटर असाच ठेवावा. त्याहून मोठे कार्ड ब्युरोच्या, म्हणजे कार्डांची एकगठ्ठा देवाणघेवाण करणाऱ्या केंद्राच्या, गठ्ठ्यात दुमडते आणि फार पातळ कार्ड मधोमध मोडते. छापखान्यात सांगताना समोरची बाजू चकचकीत चालेल, पण लिहायची बाजू बिनालॅमिनेशनची हवी, हे दोनदा सांगावे आणि नमुन्यावर स्वतःच्या पेनाने लिहून, मिनिटभराने बोट फिरवून पाहावे. चित्र काय असावे याबद्दल मी आग्रही नाही. गेटवे सगळ्यांच्याच कार्डांवर असतो. मला स्वतःला लोकलच्या खिडकीतून दिसणारी खाडी आवडते.

कार्ड भरताना महिना अंकात न लिहिता अक्षरांत लिहावा, कारण ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे अमेरिकेत आणि आपल्याकडे वेगवेगळे वाचले जाते. संपर्क दुतर्फी होता हे स्पष्ट दिसावे, आपल्याला कार्ड हवे आहे की आलेल्या कार्डाबद्दल आभार मानायचे आहेत त्या चौकटीत खूण करावी, आणि शेवटी सही करावी. खाडाखोड झाली तर ते कार्ड बाजूला काढून नवे घ्यावे. शंभर देशघटकांशी संपर्क केल्याबद्दल मिळणाऱ्या डीएक्ससीसी सन्मानासाठी फेरफार केलेले कार्ड ग्राह्य धरले जात नाही, आणि आपल्या दोन रुपये वाचवण्यापायी समोरच्याचा एक देश हुकतो.

पाठवण्याचा मार्ग आधीच ठरवावा. १९४८ साली स्थापन झालेली अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे एआरएसआय, ब्युरो चालवते; तिथे कार्डे देशांच्या प्रीफिक्सप्रमाणे (कॉलसाइनच्या सुरुवातीच्या, देश सांगणाऱ्या भागाप्रमाणे) लावून गठ्ठा करावा, आणि ज्या स्टेशनच्या कार्डांचे काम पाहणारा क्यूएसएल मॅनेजर वेगळा आहे त्याचे कार्ड मॅनेजरच्या कॉलसाइनखाली लावावे. ब्युरोचा मार्ग स्वस्त आहे, पण त्याला वर्षे लागू शकतात, आणि सगळ्याच देशांत ब्युरो नाहीत. घाई असेल तर थेट टपालाने पाठवावे. सीएसएमटीजवळच्या जीपीओत कार्ड, परतीचा लिफाफा आणि बाहेरचा लिफाफा असे एकत्र वजन करून तिकिटे लावावीत. बाहेरच्या लिफाफ्यावर कॉलसाइन लिहू नये, फक्त नाव-पत्ता लिहावा. कॉलसाइन दिसली की आत परतीचे पैसे असू शकतात हे जाणकार हातांना लगेच कळते. संपर्कांची पुष्टी इंटरनेटवर करणाऱ्या, २००३ पासून चालू असलेल्या लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर खाते काढून ठेवणेही शहाणपणाचे, मात्र त्यासाठी परवान्याची प्रत आणि ओळखीचा पुरावा पाठवावा लागत असल्याने हे काम पहिल्या संपर्काच्या आधी उरकावे. कागदी कार्ड हातात आल्याचे सुख त्यात नाही, पण एखादी पुष्टी दोन दिवसांतही मिळून जाते.

आलेल्या कार्डांवर काहीही लिहू नये. मिळाल्याची तारीख लॉगमध्ये त्या नोंदीसमोर टाकावी. पावसाळ्यात कार्डे एकमेकांना चिकटतात आणि कडा वळतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, प्रीफिक्सप्रमाणे उभी लावावीत. उत्तर द्यायची राहिलेली कार्डे त्यांच्यात न मिसळता वेगळ्या डब्यात ठेवावीत. माझ्याकडे त्यासाठी चकल्यांचा जुना डबा आहे, आणि त्याचे झाकण लागेनासे झाले की पुढचा रविवार रेडिओ बंद ठेवून कार्डे लिहिण्यात जातो.