घरातलं थॅलेट कुणाच्या अंगात किती? वही-पेन्सिलीचा हिशेब

तेलाच्या डब्याला जो हातपंप लावतात, त्याची नळी एकदा वाकवून बघा. आमची नळी नवी होती तेव्हा रबरासारखी वळायची. वर्षभरात ती कडक, पिवळट झाली आणि एके दिवशी फोडणीच्या घाईत मोडलीच. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, पण हा धडा माझ्या लालबागच्या ओट्यावर मिळायचा होता.

अशी नळी बहुधा मऊ पीव्हीसी या प्लास्टिकची असते, आणि त्यात वजनाच्या साधारण २० ते ४० टक्के प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ असतो, पुष्कळदा डीईएचपी नावाचं थॅलेट. पीव्हीसीशी त्याचा रासायनिक बंध नसतो, नुसता मुरलेला असतो. पाण्यात तो फारसा उतरत नाही, तेलात मात्र सहज उतरतो. नळी कडक झाली म्हणजे तिच्यातला मऊपणा तेलात गेला, आणि तेल आम्ही खाल्लं.

किती खाल्लं, हे काढायला मशीन लागत नाही. आधी वहीत माणसं आणि वजनं लिहा. आमच्याकडे सव्वादोन वर्षांची नात १२ किलो, सून ५५, मी ६०, शहाऐंशीच्या सासूबाई ४५. मुलगा बोटीवर असतो, त्याला धरलेला नाही. उत्तर नेहमी एकाच मापात काढायचं: दर किलो वजनामागे दिवसाला किती मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. माझ्या विद्यार्थ्यांची निम्मी गणितं इथेच चुकायची, तेव्हा सावकाश.

समजा नळी ३० ग्रॅमची आणि तिच्यात ३० टक्के डीईएचपी, म्हणजे ९ ग्रॅम. वर्षात त्यातला तिसरा हिस्सा तेलात गेला असं धरू: ३ ग्रॅम. भागिले ३६५, रोजचे साधारण ८ मिलिग्रॅम. घरात दिवसाला १०० मिली तेल लागतं. नातीच्या वाट्याला १०, सासूबाईंच्या २०, सुनेच्या आणि माझ्या ३५-३५. त्या प्रमाणात वाटून प्रत्येकीच्या वजनाने भागा. मी ४७, सून ५१, सासूबाई ३६ आणि नात ६७. सगळ्यांत कमी तेल खाणारीचा आकडा सगळ्यांत मोठा! वयागणिक हिशेब वेगळा का करायचा, ते इथे कळतं.

हा वरचा अंदाज आहे बरं का. अख्खी नळी तेलात बुडालेली नसते, तळणीचं उरलेलं तेल पोटात जात नाही, आणि नळीत दुसरंच प्लॅस्टिसायझर असू शकतं. पण पहिला अंदाज मुद्दाम वरचाच काढायचा. तो मर्यादेच्या खूप खाली आला तर ती वस्तू वहीतून खोडा; जवळ आला तर खोलात शिरा. रोज पोटात गेलं तरी चालेल अशी मर्यादा म्हणून मी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा २०१९ चा आकडा घेते: डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयएनपी या चार थॅलेटांचे मिळून, आपल्याच मापात, ५०. बेरीज सरळ नाही. डीबीपीला ५ ने गुणायचं, बीबीपीला ०.१ ने, डीआयएनपीला ०.३ ने, मग मिळवायचं. आमचा पंप त्याच दिवशी कचऱ्यात गेला. आता स्टीलची पळी आहे, आणि तेल सांडतं म्हणून सून कुरकुरते.

प्लास्टिक म्हटलं की सगळे पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवतात. ती पेट नावाच्या प्लास्टिकची. तिच्या लांबलचक नावात ‘टेरेथॅलेट’ येतं म्हणून लोक घाबरतात, पण ते वेगळं, आणि बाटली कडक असल्याने मऊ करणारं काही घालावंच लागत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांचंही तेच. वहीत मऊ पीव्हीसी लिहा: टेबलावरचं जाड पारदर्शक प्लास्टिक, फरशीवरचं विनाइल, फुगवायची खेळणी, जूनमध्ये घेतलेला घमघमणारा रेनकोट.

यातलं बरंचसं शेवटी धुळीत उतरतं. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या हँडबुकात लहान मुलाच्या पोटात दिवसाला ६० मिलिग्रॅम घरची धूळ जाते असं धरलंय, मोठ्यांच्या ३०. धुळीत डीईएचपी ग्रॅममागे काहीशे मायक्रोग्रॅम सापडतं, ५०० धरू. नातीला ३० मायक्रोग्रॅम, भागिले १२, म्हणजे २.५. मला १५ भागिले ६०, पाव. दहापट फरक, तोही एकाच खोलीत. ती रांगत होती तेव्हा हात सतत तोंडात असायचे, ते वेगळंच. खेळणं चोखण्याचा अंदाज हवा असेल तर घड्याळ लावून रोजची मिनिटं मोजा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. त्याआधीचं मऊ, वासाचं खेळणं सरळ वर ठेवून द्या.

सुनेचा रकाना निराळा. तिचा बॉडी स्प्रे आणि आमची उदबत्ती, दोन्हींत डीईपी असू शकतं. अत्तरवाले सुगंध पातळ करायला तेच वापरतात आणि त्याला डीईपीच म्हणतात. हे थॅलेट वरच्या चौघांत नाही, म्हणून ५० च्या बेरजेत घालू नका. त्याचा हिशेब लघवीतून उलटा काढता येतो. समजा २४ तासांत दीड लिटर लघवी झाली आणि लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम एमईपी (शरीरात डीईपीचं जे होतं ते) निघालं, म्हणजे एकूण १५०. शरीरात गेलेल्यातलं सुमारे ०.६९ या रूपात बाहेर पडतं असं धरतात, म्हणून भागिले ०.६९: २१७. मग रेणुभारांचं गुणोत्तर, डीईपीचा २२२ भागिले एमईपीचा १९४, त्याने गुणा: जवळजवळ २५०. भागिले ५५, साडेचार.

ही तपासणी गल्लीतल्या पॅथॉलॉजीत होत नाही, एलसी-एमएस हे सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र असलेली लॅब लागते. थॅलेट दिवसभरात शरीराबाहेर जातं, त्यामुळे एकदाच घेतलेल्या नमुन्यात कालचा दिवस दिसतो, महिना नाही. डीईएचपीची शरीरात अनेक रूपं होतात; त्यांतलं नुसतं एमईएचपी मागू नका: गेलेल्यातलं जेमतेम ६ टक्के त्या रूपात निघतं आणि बाहेरच्या प्लास्टिकमुळेही आकडा फुगतो. एमईएचएचपी आणि एमईओएचपी ही रूपं सांगा.

राहता राहिल्या सासूबाई. एरवी त्यांचा आकडा आमच्यापेक्षा कमी, पण गेल्या वर्षी त्या सहा दिवस दवाखान्यात होत्या, नाकातून राइल्स ट्यूब, त्यातून दूध. मऊ पीव्हीसीची नळी आणि स्निग्ध दूध: पुन्हा तेलाचा पंपच. अतिदक्षता विभागातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशाच मऊ नळ्यांतून खूप जास्त डीईएचपी मिळतं. ते सहा दिवस वर्षाच्या सरासरीत मिसळू नका, स्वतंत्र ओळीत लिहा. आमची ओळ रिकामीच आहे, कारण ट्यूबचं पाकीट मी तेव्हाच फेकलं. तुम्ही ठेवा. त्यावर ‘डीईएचपी’ या इंग्रजी अक्षरांची खूण शोधा. अक्षरांवर काट मारलेली असेल तर त्या नळीत ते नाही.