जलपर्णीपासून गॅस: आधी पाणी, मग राख

जलपर्णीत 90 ते 95 टक्के पाणीच असतं. 100 किलो ओला माल वाळून हाती येतात जेमतेम सात-आठ किलो. हे पाणी लाकूड जाळून उडवायला गेलात, तर वाळलेल्या मालात असते त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता खर्च होते. म्हणून वाळवण उन्हातच. बडोद्यात त्यासाठी मार्च ते मे. पावसाळ्यातली जलपर्णी शेणाबरोबर बायोगॅसच्या टाकीत घाला, तेच शहाणपणाचं.

विश्वामित्री नदीतून काढणार असाल तर पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. मुळं काठावरच छाटा. गाळ आणि सांडपाण्यातले जड धातू त्यांतच जास्त साठतात. देठ स्पंजासारखा असतो, अख्खा ठेवला तर वरून कुरकुरीत, आत ओला राहतो. कडबाकुट्टीवर 3 ते 5 सेंमीचे तुकडे करा, चार बोटं थर पसरा, दिवसातून दोनदा उलथा. मग 100 ग्रॅम नमुना 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा. 85 ग्रॅमपेक्षा कमी भरला, तर माल परत उन्हात.

हा हलका चुरा तसाच गॅसिफायरमध्ये (अपुऱ्या हवेत इंधन जाळून त्याचा जळाऊ गॅस करणारी भट्टी) ओतला तर वरच अडकतो, खाली पोकळी पडते आणि गॅस विझतो. दाबून कांड्या करा. तरी खरी अडचण राखेची. लाकडात ती एक-दोन टक्के, जलपर्णीत 15 ते 25. शिवाय पोटॅश आणि क्लोरीन भरपूर, त्यामुळे राख लवकर वितळून भट्टीच्या तळाच्या जाळीवर खंगर (घट्ट खडे) धरते. म्हणून एक भाग कांड्यांना तीन भाग वेड्या बाभळीचे (इथला गांडो बावळ) तुकडे, आणि जाळी लाकडापेक्षा जास्त वेळा हलवायची. दाब मोजायच्या, पाणी भरलेल्या यू-आकाराच्या नळीत दाबातला फरक चढत गेला, तर खंगर धरला समजा.

पेटवताना हवेच्या तोट्यांच्या वरपर्यंत लोणारी कोळसा भरा, वर इंधन, मग पंख्याने ओढ द्या आणि तोटीतून पेटवा. आधी पांढरा धूर येतो. तो विरळ झाल्यावर गॅस बाहेर येतो त्या नळीच्या टोकाशी ज्योत धरा. ती सलग जळली की गॅस तयार. त्यात जवळपास निम्मा नायट्रोजन, म्हणून घनमीटरला साधारण 1000 ते 1200 किलोकॅलरीच मिळतात. शेगडीला पुरे. इंजिनाला देण्याआधी डांबर गाळायची सोय करा, नाहीतर व्हॉल्व्ह चिकटतात.

गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भट्टी उघड्या शेडमध्येच ठेवा. थांबवताना हवा आणि गॅस दोन्ही बंद करा, आणि झाकण दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. गरम भट्टीत हवा शिरली की भडका उडतो.