एक तारखेची गोळी

माझी हाडांची गोळी, इबँड्रोनेट १५० मिलिग्रॅम, दर महिन्याच्या १ तारखेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल आधीच करून ठेवते.

सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी तीच, चहासुद्धा नंतर. पेलाभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची, चघळायची नाही. मग तासभर आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते, म्हणून हा तास अगदी सांभाळा. मी तेवढ्यात उभ्या उभ्या जास्वंदीची फुलं काढते, परडी भरते, तुळशीला पाणी घालते. कॅल्शियमची गोळी दुपारी जेवणानंतर. दोन्ही एकत्र घेतल्या तर हाडांची गोळी नीट शोषलीच जात नाही. गिळताना दुखलं किंवा छातीत जळजळलं, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना सांगा. दात काढायचा असेल तर ही गोळी चालू आहे हे दातांच्या डॉक्टरांनाही सांगा.

एकदा मला चौथ्या दिवशी आठवलं. पुढच्या तारखेला ७ दिवसांहून जास्त अवकाश होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. एका आठवड्यात दोन मात्र कधीच नाहीत.

डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, मी दर दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर करते आणि जुना रिपोर्ट सोबत नेते. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा. तो उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा मणक्याचा उणे २.९ होता, आता उणे २.६ आहे.