चुलीचा धूर, वावरातला जाळ: या चुका टाळा

धुराडं बसवलं तरी सयपाकघरात धूर कोंडतो, ही तक्रार विदर्भातल्या गावोगावी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा धुराड्याच्या बसवणीत असतो. तीन-चार इंची पाइप कवेलूपर्यंत नेऊन तिथंच सोडला, तर छपरावरून वाहणारा वारा धूर परत खाली ढकलतो. पाइप छपराच्या किमान दोन फूट वर निघायला हवा, आणि आढं जवळ असेल तर आढ्याच्याही वर. टोकाला पावसाची टोपी बसवा, पण पाइप आणि टोपीमध्ये चार बोटं जागा मोकळी ठेवा. मध्ये आडवं वळण देऊ नका, प्रत्येक वळणानं ओढ कमी होते. लाकडी फाट्याला पाइप टेकू देऊ नका, नाहीतर एक दिवस छप्पर पेटेल.

एवढं करूनही धूर मागं येत असेल, तर आधी काजळी पाहा. कपाशीची पऱ्हाटी आणि तुराट्या जाळणाऱ्या घरात पाइप लवकर भरतो. लांब काडीला चिंधी गुंडाळून दर पंधरा दिवसांनी तो झाडा. मग भांड्याचं बूड चुलीच्या तोंडावर नीट बसतं का ते बघा. फट राहिली की धूर पाइपाकडं न जाता फटीतून घरात येतो. चुलीत राख साचली असेल तर खालून हवा मिळत नाही आणि इंधन धुमसत राहतं. सकाळी पहिल्यांदा पेटवताना थंड पाइप धूर ओढत नाही. अशा वेळी धुराड्याच्या तळाशी मूठभर वाळलेलं कुटार पेटवा. पाइप तापला की ओढ सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक मात्र इंधनाची. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते उडवण्यातच आगीची ताकद जाते, जाळ थंड पडतो आणि धूर वाढतो. दोन काड्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलेल्या, भदभद आला तर ओल्या. पावसाळ्याचं इंधन उन्हाळ्यातच फोडून, मनगटाएवढं जाड करून, टिनाखाली जमिनीपासून वीतभर उंच रचा. एका वेळी चूल भरून कोंबू नका, थोडं थोडं सारत राहा.

हा धूर नेमकं काय करतो? त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसात खोलवर उतरतात आणि रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅम आहे, भारताची 60. बंद सयपाकघरात चूल पेटली की हे प्रमाण शेकड्यांत जातं. जन्मात बिडीला हात न लावलेल्या बाईलाही या धुरानं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार होतो. कडेवरच्या लेकराला निमोनियाचा धोका वाढतो, म्हणून सयपाक होईस्तोवर त्याला ओसरीवर ठेवा, मांडीवर नको. चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांबद्दल जेवढं बोललं जातं, तेवढं या धुराबद्दल बोललं जात नाही. हे बदललं पाहिजे असं आमचं ठाम मत आहे.

घरात सिलिंडर आहे, पण आंघोळीचं पाणी आणि ढोरांचं खाणं चुलीवरच, असं असेल तर ती चूल तरी घराबाहेर, उघड्या पडवीत न्या. डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली की गॅस कमी लागतो.

चूल पेटवायला पन्नी, टायरचा तुकडा, ठिबकच्या नळ्या कधीही वापरू नका. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या जाळणं तर आणखी घातक, कारण आत उरलेलं औषधही धुरातून पसरतं. बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडून वेगळी ठेवा.

वावरातली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीच्या भीतीनं जाळली जाते. भीती खरी आहे, उपाय चुकीचा. अळी किडक्या, न उमललेल्या बोंडांत दडलेली असते. फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक, न घेता वेचणी संपली की वावरात शेळ्या-मेंढ्या चारा, त्या बोंडं खातात. उरलेली किडकी बोंडं वेचून नष्ट करा आणि पऱ्हाटी श्रेडरनं बारीक करा. त्या भुशात नत्र फार कमी असतं, म्हणून तो तसाच मातीत गाडला तर पुढच्या पिकाचं नत्र ओढून घेतो. शेणकाला शिंपडून, ओल राखून तीन-चार महिने कुजू द्या. पूर्वेकडच्या धानपट्ट्यातलं तणस ढोरांसाठी ठेवा, उरलेलं आळ्यात आच्छादनाला घाला. हिवाळ्यात संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाळ करणं विशेष वाईट. थंड हवा जमिनीलगत बसते, धूर वर जात नाही आणि रात्रभर गावावर साचून राहतो.

सोयाबीनच्या मळणीत तोंडाला बांधलेला शेला जाडी धूळ अडवतो, बारीक नाही. एन-95 मास्क वापरा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढीमुळं फट राहते, आणि धुतल्यानं मास्क निकामी होतो. थ्रेशरच्या धुळीच्या झोतासमोर उभे राहू नका, वारा पाठीवर घ्या. पावसात भिजून बुरशी धरलेलं कुटार उपसल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, दम लागत असेल, तर तो मलेरिया समजून बसू नका. बुरशीच्या धुळीनंही फुफ्फुसाला सूज येते. डॉक्टरांना कुटार उपसल्याचं आवर्जून सांगा.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा. क्षयरोग निघाला नाही म्हणून थांबू नका. दम लागत असेल तर फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कुठं होते ते विचारा. इनहेलरची सवय लागते हा गैरसमज आहे, दिलेला इनहेलर मनानं बंद करू नका.

थंडीच्या रात्री शेगडीतला विस्तव बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेततं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही पहिली लक्षणं. माणसाला लगेच उघड्यावर आणा, शेगडी बाहेर काढा आणि दवाखान्यात न्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 सुद्धा दाखवतो, कारण तो हा वायू आणि ऑक्सिजन यांत फरक करू शकत नाही. तो आकडा पाहून घरी थांबू नका.