‘खूप माणसं’ म्हणजे किती?

सैन्यात शिकत असताना माझा पहिला टेहळणीचा रिपोर्ट उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, परत हातात दिला होता. मी लिहिलं होतं, ‘पुलाजवळ शत्रूची खूप माणसं, हल्ल्याची तयारी.’ खूप म्हणजे किती? पुलाच्या अलीकडे की पलीकडे? आणि हल्ल्याची तयारी तू पाहिलीस, की तुला वाटली? मी पाहिले होते अकरा जण, मोर्चे म्हणजे आडोशाने लढायचे खंदक खणताना. मोर्चा खणणारा माणूस बहुधा तिथेच ठाण मांडायच्या बेतात असतो. माझ्या एका शब्दाने वरच्या अधिकाऱ्याचा निर्णय उलटा झाला असता.

आता रत्नागिरीजवळ भाट्याच्या सुरूबनात भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे भेटतात. सगळ्यांचा जीव सोळाशे मीटरच्या धावण्यात. ते हवंच. पण धावून झालं की मी त्यांना खाडीकडे तोंड करून बसवतो. दहा मिनिटं बघायचं, मग पाठ फिरवून लिहायचं. किती, काय करतायत, कुठे, कोण, केव्हा, कशासह. अमेरिकी सैन्यात या सहा मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून यालाच ‘सॅल्यूट’ रिपोर्ट म्हणतात. वेळ दिसल्याची लिहायची, लिहायला बसल्याची नाही.

बघण्यालाही रीत आहे. आधी जवळचा पट्टा, मग मधला, मग लांबचा, आणि नजर उजवीकडून डावीकडे न्यायची. वाचायच्या सवयीने डावीकडून निघालेली नजर घसरत जाते, उलट नेली की अडखळते आणि थांबते. पाण्यावरचं अंतर हमखास कमी वाटतं. सकाळी सूर्य पाठीशी असताना समोरची होडी तर आणखीच जवळ भासते, म्हणून आकडा सांगताना हे धरून चाला. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइल एकदा पेटवला की तो अर्धा तास वाया जातो. रात्री वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतात.

या किनाऱ्याच्या मुलांना हे शिकवताना मला रायगडातलं शेखाडी आठवतंच. १९९३ च्या फेब्रुवारीत तिथे आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबई हादरली.

परवा एकाने आधी ‘संशयास्पद होडी’ लिहिलं, मग स्वतःच खोडून खाली लिहिलं, ‘६.४०, एक होडी, निळी, दोन माणसं, जाळं ओढतायत, खाडीच्या तोंडाशी. नंबर वाचता आला नाही.’ ते शेवटचं वाक्य मी बाकीच्यांना दोनदा वाचून दाखवलं.