प्रकल्पांचं कपाट संगणकात नेताना

आमच्या ग्रंथालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प लोखंडी कपाटात असायचे. एका पावसाळ्यात खालचा कप्पा भिजला आणि घाबरून मी थेट स्कॅनिंगला बसले. चाळीसेक प्रकल्प झाल्यावर पाहिलं, तर फायलींची नावं ‘स्कॅन ००१’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’! त्यापेक्षा कपाट बरं होतं.

म्हणून आधी एक्सेलमध्ये तक्ता करा. एका प्रकल्पाची एक ओळ: शीर्षक, विद्यार्थी, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, विषय, सारांश. डब्लिन कोअर या नोंदी करायच्या प्रमाण पद्धतीत असे १५ घटक आहेत, पण सगळे भरायचा अट्टहास नको. गावाचा रकाना मात्र ठेवाच. आमची मुलं आपल्याच गावातल्या विहिरींचं, बचतगटांचं सर्वेक्षण करतात आणि पुढची मुलं गावाच्या नावानेच शोधत येतात. मार्गदर्शकांचं नाव एकाच पद्धतीने लिहा. ‘जोशी मॅडम’ आणि ‘डॉ. जोशी’ संगणकाला दोन बायका वाटतात. फाइलचं नाव वर्ष, विभाग, क्रमांक एवढंच.

खरी डोकेदुखी जुन्या सीडींची. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. पीडीएफ केली तर दिसते झकास, पण ‘पाणलोट’ शोधलं तर सापडत नाही. मजकूर परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणारं सॉफ्टवेअर) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांत आणा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. नुसता कागदच असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्टला द्या. हे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर. त्याला मराठी येते. चुका राहतात, पण शोधापुरतं चालतं. जतनाची प्रत पीडीएफ-एमध्ये, म्हणजे दीर्घकाळ टिकवण्यासाठीच्या पीडीएफ प्रकारात.

आता परवानगी. प्रकल्प कॉलेजात जमा झाला म्हणून कॉलेजचा होत नाही. वेगळा करार नसेल तर लेखनाचा हक्क विद्यार्थ्याचाच. जमा करतानाच सही घ्या: सर्वांना खुला, फक्त ग्रंथालयात, की नुसता सारांश. माजी विद्यार्थ्यांचा होकार येईपर्यंत सारांशच ठेवा. परिशिष्टातल्या भरलेल्या प्रश्नावल्या नीट बघा. आम्हाला त्यांत लोकांचे मोबाइल नंबर सापडले. खुल्या प्रतीतून ते काढा.

सॉफ्टवेअर शेवटी. डीस्पेस हे असे संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, २००२पासून आहे, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस मोफत मिळत नाही. तो मिळेपर्यंत तक्ता आणि फोल्डर पुरे. तीच माहिती नंतर डीस्पेसमध्ये चढवता येते. तीन प्रती करा, त्यातली एक कॉलेजबाहेर. दर जूनमध्ये कुठल्याही दहा फायली त्या बाहेरच्या प्रतीतून उघडून बघा. गेल्या वर्षी आमच्या दोन उघडल्या नाहीत. ग्रंथालयातली प्रत शाबूत होती म्हणून निभावलं.