पेटीतल्या बाळाच्या रक्तात बुरशी निघाली तर

नवजात अतिदक्षता विभागात मी सिस्टर आहे. ‘रक्तात फंगस’ ऐकलं की आया विचारतात, “माझंच काही चुकलं का?” नाही हो ताई. कॅन्डिडा ही बुरशी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगावर, आतड्यात असते. किलोच्या आतलं बाळ, पातळ कातडी, शिरेतली नळी, लांबलेली अँटिबायोटिक्स. एवढं जमलं की ती रक्तात शिरते.

ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. बाळ मलूल होतं, पोट फुगतं, श्वास मध्येच थांबतो, प्लेटलेट उतरतात. दुधाच्या वेळी तुम्ही तिथे असता. काल पचलेलं दूध आज दुधाच्या नळीतून हिरवट परत आलं, तर लगेच सांगा. कामात असलो तरी हाक मारा.

डॉक्टरांना विचारा: कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी, पाठवलं का? ते निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच वेळा बुरशी त्यात सापडत नाही. शिरेतली जुनी नळी काढता येईल का? पाठीतलं पाणी, डोळे, किडनीची सोनोग्राफी, हृदयाची इको यांचंही विचारा, कारण बुरशी तिथे जाऊन बसते.

औषध बहुधा अँफोटेरिसिन. साधं अँफोटेरिसिन आम्ही ग्लुकोजमध्येच मिसळतो, मिठाच्या सलाईनमध्ये ते फाटतं. काही तास सावकाश सोडावं लागतं. किडनी आणि पोटॅशियमसाठी रक्त पुन्हा पुन्हा काढतात, त्याला नाही म्हणू नका. कल्चर स्वच्छ आल्यावरही साधारण 14 दिवस औषध लागतं, बुरशी मेंदूपर्यंत गेली असेल तर जास्त. बाळ दूध प्यायला लागलं म्हणून सही करून घरी नेऊ नका, हात जोडून सांगते.

आत येताना अंगठी, बांगड्या, मनगटाचा दोरा काढा. कोपरापर्यंत साबण लावा, नखांच्या खाचाही घासा. आजीलाही हाच नियम. दूध काढत राहा, परवानगी मिळाली की बाळाला छातीशी धरा.

पूर्ण दिवसांच्या, छान पिणाऱ्या बाळाच्या जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर तो हा आजार नव्हे. ओपीडीत दाखवा, थेंब देतात. मधात टाकणखार कालवून जीभ घासू नका. दोन्ही बाळाला घातक आहेत.

घरी आलेलं बाळ दूध सोडतंय, अंग सैल टाकतंय, गार लागतंय, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, बाळ छातीशी धरून निघा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.